चॉकलेटात बुडवलेली स्ट्रॉबेरी: पाणी का सुटतं, चकाकी का जाते आणि 14 फेब्रुवारीच्या संध्याकाळचा हिशोब

दालचिनी

फेब्रुवारी लागला की पाककृतींच्या विभागात तेच तेच प्रश्न येतात: चॉकलेट घट्ट गोळा झालं, स्ट्रॉबेरीखाली पाण्याचं तळं साचलं, वरचा थर टरफलासारखा निघून आला. सगळ्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. कृती दोन ओळींची आहे, बुडवा आणि सुकवा. घात होतो तो बुडवण्याआधीच्या दोन तासांत.

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि चॉकलेटात जवळजवळ शून्य. या दोघांना एका संध्याकाळपुरतं एकत्र नांदवायचं आहे, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

आधी फळ. महाबळेश्वर-पाचगणीचा माल नोव्हेंबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत असतो, त्यामुळे फेब्रुवारीत निवडीला वाव आहे. 200 ते 250 ग्रॅमचा पनेट (फळांचा प्लास्टिकचा डबा) उलटा करून तळ बघा. वरचा थर नेहमीच देखणा रचलेला असतो, ओल आणि डाग खाली असतात. पानांची टोपी हिरवी आणि ताठ हवी. देठाजवळचा भाग पांढरा असेल तर ते फळ घरी ठेवून पिकणार नाही, स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. बुडवायला 15 ते 20 ग्रॅमची, शंकूच्या आकाराची, टणक फळं घ्या. फार मोठी घेतलीत तर एका घासात मावत नाहीत आणि चावताना चॉकलेटचं कवच फुटून अंगावर पडतं. रोमँटिक प्रसंगाला ते बरं दिसत नाही.

धुताना टोपी काढू नका. टोपी काढली की तिथे उघडी जखम राहते आणि रस तिथूनच गळतो. वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट धरा, भिजत घालू नका. चाळणीत निथळवा, मग सुती पंचावर एकेक फळ आडवं ठेवून पंख्याखाली किमान एक तास. पानांखालची खोबण टिशूच्या टोकाने टिपायला विसरू नका. हमखास विसरली जाणारी जागा तीच. बुडवताना त्यातला एक थेंब ओघळून भांड्यात पडतो आणि सगळं चॉकलेट बसतं, म्हणजे घट्ट गोळा होतं.

---

अर्धी_वाटी

मस्त सुरुवात, दालचिनीताई. दोन शंका. स्ट्रॉबेरी फ्रिजमधून काढून लगेच बुडवली तर चॉकलेट पटकन घट्ट होईल ना? आणि बेकिंगच्या दुकानात मिळणारा कंपाउंड स्लॅब चालतो की महागडंच चॉकलेट हवं?

---

दालचिनी

पटकन घट्ट होईल, पण टिकणार नाही. गार फळावर हवेतलं दव धरतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. त्या दवावर चॉकलेट धरत नाही, घसरतं. वर ते फळ खोलीच्या तापमानाला येताना किंचित फुगतं आणि घट्ट झालेल्या कवचाला उभी चीर जाते. बुडवण्याआधी दीड-दोन तास फळं बाहेर काढून ठेवा.

कंपाउंडबद्दल थर्मामीटरराव लिहितीलच. त्यांना राहवणार नाही.

---

थर्मामीटर

राहवलं नाही.

पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. त्यात 'कोको बटर' असेल तर ते खरं चॉकलेट, म्हणजे कूव्हर्चर (भरपूर कोको बटरचं चॉकलेट) किंवा त्याच्या जवळपासचं. 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' असेल तर कंपाउंड. मॉर्डेसारखे कंपाउंड स्लॅब गावोगावच्या बेकिंगच्या दुकानांत मिळतात आणि 400-500 ग्रॅमच्या लाद्यांत येतात. ते फक्त वितळवायचं आणि वापरायचं, आपोआप चकचकीत घट्ट होतं. किंमत चवीत मोजावी लागते. टाळ्याला मेणासारखा थर राहतो, कारण त्यातली चरबी तोंडात कोको बटरइतकी चटकन विरघळत नाही.

कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत घट्ट होऊ शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा. तो साधारण 34 अंशांना वितळतो, म्हणून हातात टिकतो आणि जिभेवर विरघळतो. नुसतं वितळवून गार केलं तर नको ते प्रकार तयार होतात, आणि मग करडे पट्टे, मऊपणा, बोटाला लागणं सुरू होतं. हवा तोच प्रकार घडवून आणणं म्हणजे टेम्परिंग.

आकडे सेल्सियसमध्ये लिहून ठेवा. डार्क 45 ते 50 पर्यंत वितळवायचं, 27-28 पर्यंत उतरवायचं, परत 31-32 वर आणून वापरायचं. मिल्क 40-45, मग 26-27, मग 29-30. व्हाइट 40-45, मग 25-26, मग 28-29.

घरी सगळ्यात सोपी बियाणं पद्धत. 300 ग्रॅम चॉकलेट बारीक चिरा. 200 ग्रॅम वितळवा, गॅसवरून उतरवा, उरलेलं 100 ग्रॅम तीन हप्त्यांत घालत रबरी स्पॅच्युलाने सतत ढवळा. घट्ट चॉकलेटात योग्य स्फटिक तयार असतात, ते दह्याच्या विरजणासारखं काम करतात. तापमान उतरलं की भांडं गरम पाण्यावर पाच-पाच सेकंद धरून कामाच्या अंशावर आणा. या टप्प्यावर डार्क 33 च्या वर गेलं तर विरजण मेलं, पहिल्यापासून सुरू करा.

---

अर्धी_वाटी

थर्मामीटर नसेल तर? (आयडीचा नाही, खरा.)

---

थर्मामीटर

:) सुई असलेला डिजिटल घ्या, पाकापासून पावापर्यंत सगळीकडे उपयोगी पडतो. नसेलच तर स्वच्छ चमच्याच्या टोकाने एक थेंब खालच्या ओठाला लावा. ओठापेक्षा किंचित गार लागलं पाहिजे. कोमट वाटलं तर अजून ढवळा. मग सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवा. तीन ते पाच मिनिटांत रेशमी चकाकीसह घट्ट झालं तर जमलं. दहा मिनिटांनीही ओलं किंवा रेघारेघांचं असेल तर नाही जमलं.

ही परीक्षा 20-22 अंशांच्या खोलीत खरी उतरते. पुण्यात फेब्रुवारीच्या दुपारी स्वयंपाकघर 30 च्या आसपास असतं. तिथे बरोबर टेम्पर केलेलं चॉकलेटही घट्ट व्हायला रडवतं. एसी असेल त्या खोलीत सामान हलवा, नाहीतर सकाळी सहा-सातला काम उरका.

---

कृष्णाकाठ

एसी नसेल आणि पहिल्यांदाच करत असाल तर सरळ कंपाउंड घ्या, असं माझं स्पष्ट मत. थर्मामीटररावांचं म्हणणं चवीच्या बाबतीत सोळा आणे खरं, पण ऐन संध्याकाळी करड्या पट्ट्यांची स्ट्रॉबेरी समोर ठेवण्यापेक्षा कंपाउंडची चकचकीत बरी. मधला मार्गही आहे: बुडवायला कंपाउंड, आणि सोबत वाटीत खऱ्या डार्क चॉकलेटचं गनाश. 100 ग्रॅम चॉकलेटवर 100 मिली गरम क्रीम ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं, मधून बाहेर ढवळत जायचं. त्याला टेम्परिंग लागत नाही.

मात्र कंपाउंड आणि खरं चॉकलेट एकत्र वितळवू नका. दोन चरबी एकमेकींना मऊ करतात, ना धड कडक ना धड पातळ असं काहीतरी होतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरं पडतं.

प्रमाण: मध्यम स्ट्रॉबेरीला 10 ते 12 ग्रॅम चॉकलेट लागतं. 20 नगांना 240 ग्रॅम झालं, पण वितळवा 350. भांड्यात खोली असेल तरच फळ बुडतं. रुंद वाडग्यापेक्षा उभा कप बरा, कॉफीचा मग उत्तम. उरलेलं चॉकलेट बटर पेपरवर पसरून ठेवलं की पुन्हा वापरता येतं.

---

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत 'कँडी मेल्ट्स' म्हणून रंगीत चकत्या मिळतात, ते कंपाउंडच. इकडची सुपरमार्केटातली स्ट्रॉबेरी 30-40 ग्रॅमचीही असते, म्हणून प्रत्येकीला 15 ग्रॅम धरा. आतून पोकळ निघायची शक्यताही जास्त.

गुलाबी रंग हवा असेल तर केकचे पाण्यातले किंवा जेलचे रंग व्हाइट चॉकलेटात अजिबात घालू नका, एका थेंबात गोळा होतो. तेलात विरघळणारे, चॉकलेटसाठी म्हणून मिळणारे रंगच घ्या. फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून सुकवलेल्या रासबेरीची पूडही चालते. 100 ग्रॅमला एक छोटा चमचा, बारीक चाळून. रंग फिका येतो पण चव खरी असते.

---

चमचाभर

गोळा होण्याचा विषय निघालाच आहे तर कारणही लिहा कोणीतरी. एक थेंब पाण्याने पाव किलो चॉकलेट बसतं, पण अर्धी वाटी गरम दूध घातलं तर छान सॉस होतो, हे कोडं काय आहे?

---

थर्मामीटर

चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोडं पाणी आलं की साखरेचे कण ओले होतात, चिकटतात आणि एकमेकांना धरून बसतात. पिठीसाखरेच्या वाटीत चार थेंब पाणी पडल्यावर खडे होतात, तोच प्रकार. भरपूर पाणी आलं की साखर विरघळूनच जाते आणि चिकटायला कण उरत नाहीत.

म्हणून बसलेलं चॉकलेट पुन्हा बुडवण्याजोगं होत नाही, पण वायाही जात नाही. 100 ग्रॅमला 60 मिली गरम दूध किंवा क्रीम चमच्या-चमच्याने घालत घोटा, सॉस होईल. तोच सोबत ठेवा.

पाणी शिरतं कुठून? डबल बॉयलरच्या, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवताना येणाऱ्या वाफेतून. वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं हवं, म्हणजे वाफ कडेने वर येणार नाही. खाली दोन बोटं पाणी पुरे, ते भांड्याच्या बुडाला टेकता कामा नये, आणि उकळी आली की गॅस बंद. वर झाकण ठेवू नका, थेंब आत पडतात. लाकडी चमचा टाळा, त्यात ओल मुरलेली असते आणि फोडणीचा वासही.

मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर आधी 30 सेकंद, ढवळा, मग 15-15 सेकंद. तुकडे आकार धरून असतात आणि आत वितळलेले असतात, म्हणून दिसण्यावर जाऊ नका, ढवळूनच बघा. एक चतुर्थांश तुकडे उरले असताना थांबा. व्हाइट सगळ्यात आधी करपतं. दुधाची पूड असते त्यात, ते लापशीसारखं रवाळ झालं की संपलं.

---

दालचिनी

पातळ करायला बटर घालणाऱ्यांसाठी: बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं. घालू नका. कंपाउंड जाड वाटलं तर 200 ग्रॅमला एक छोटा चमचा वास नसलेलं तेल. खऱ्या चॉकलेटाला कोको बटरच, नाहीतर कवच मऊ पडतं.

आता बुडवायची हातोटी. पानं वर गोळा करून चिमटीत धरा, फळ तिरकं उतरवा, खांद्याखाली अर्धा सेंटिमीटर लाल भाग सोडा. तो दिसण्यासाठी तर हवाच, शिवाय फळातल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहते. मनगट फिरवत बाहेर काढा, दोनदा हलका झटका द्या, मग टोक आणि एक बाजू कपाच्या कडेला पुसा. पुसलेली बाजू खाली टेकवायची. हे नाही केलं तर खाली चॉकलेटचं 'पाऊल' पसरतं. तरीही पसरलंच तर अर्ध्या मिनिटाने फळ सेंटिमीटरभर बाजूला सरकवा, पाऊल मागे राहतं.

ठेवायला साधा पातळ बटर पेपर नको, तो कधी कधी चिकटतो. सिलिकॉन चटई किंवा स्टेशनरीच्या दुकानातली ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची) वापरा. शीटवर टेकलेली बाजू आरशासारखी निघते.

---

अर्धी_वाटी

सजावटीचं सांगा ना. नक्षी, पिस्ते, गुलाबपाकळ्या... आणि ती काळ्या कोटातली नवरदेव-स्ट्रॉबेरी कशी करतात?

---

कृष्णाकाठ

भुरभुरायचं असेल ते लगेच. कंपाउंडला वीस-तीस सेकंदच मिळतात, खऱ्या चॉकलेटाला एक-दोन मिनिटं. म्हणजे तीन बुडवा, तिन्हींवर भुरभुरा, मग पुढच्या तीन. पिस्त्याचे काप, भाजलेलं सुकं खोबरं, कोको निब्ज (कोकोच्या बियांचे तुकडे) टिकतात. चिक्कीचा किंवा प्रालीनचा चुरा दोन-तीन तासांत ओलसर होऊन चिकट होतो, तो वाढायच्या आधीच. गुलाबपाकळ्या खाण्यासाठी म्हणून वाळवलेल्याच घ्या. फुलवाल्याकडच्या गुलाबांवर फवारणी असते, त्या ताटात सजावटीलाही नकोत.

रेघांसाठी बटर पेपरचा कोन करा, टोक एक मिलिमीटरच कापा. चॉकलेट कोमट हवं, गरम असेल तर खालचा थर वितळवतं. हात फळाच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवा, म्हणजे वळणाचे जाड ठिपके फळावर न पडता शीटवर पडतात. फक्त हाताचा वेग वाढवला की रेघ बारीक होते.

नवरदेव: आधी पूर्ण व्हाइटमध्ये बुडवा आणि घट्ट होऊ द्या, खऱ्या चॉकलेटाला 20 मिनिटं. मग डार्कमध्ये डावी बाजू तिरकी, नंतर उजवी बाजू तिरकी, मध्ये पांढरा इंग्रजी व्ही राहिला पाहिजे. टूथपिकच्या टोकाने तीन बटणं, वर दोन त्रिकोणांचा बो. पांढरा थर पातळ असेल तर लाल आरपार दिसतं आणि सदरा गुलाबी होतो. दोनदा बुडवू नका, जड होऊन घसरतं. त्याऐवजी व्हाइट कामाच्या अंशाच्या खालच्या टोकाला, 28 वर वापरा.

स्ट्रॉबेरी कापून बदाम करायचा मोह होतो, पण कापलेल्या ओल्या बाजूला चॉकलेट धरत नाही. शीटवर चमचाभर चॉकलेटची चकती पसरा, ती घट्ट होऊ लागली की वर टोपीजवळ खाच दिलेली अर्धी फोड ठेवा. दोन तासांत वाढा.

---

चमचाभर

स्ट्रॉबेरीवरच का अडायचं? नाशिकची द्राक्षं याच हंगामात असतात आणि न कापलेली साल असल्यामुळे जास्त टिकतात. फक्त द्राक्ष घडातून ओढून तोडू नका, तिथे भोक पडून रस येतो. कात्रीने दोन-तीन मिलिमीटर देठ ठेवून कापा, तोच धरायलाही होतो. सालीवरचा पांढरा थर कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर चॉकलेट घसरतं.

संत्र्याची फोड: नागपुरी संत्र्याच्या मृग बहाराचं (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं) फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. शिरा काढून फोडी पंख्याखाली तीन-चार तास ठेवा, पापुद्रा कागदासारखा लागला पाहिजे. अर्धी बुडवा, वर मिठाचे दोन-चार जाड खडे. फाटलेली फोड सरळ खाऊन टाका. अननस, कलिंगड, पपई यांच्या नादी लागू नका, कितीही टिपलं तरी पाणी सुटतच राहतं.

लांब पाठवायचं असेल तर ताजं फळ नकोच. संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या तीन वेळा पाणी बदलून उकळा, म्हणजे कडूपणा जातो. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन मंद आचेवर पाऊण तास, पारदर्शक होईपर्यंत. जाळीवर रात्रभर वाळवून बुडवा. दोन-तीन आठवडे टिकतात. सुक्या अंजिराचंही तसंच.

---

न्यूजर्सीकर

काड्यांवरचा गुच्छ करायचाय. स्ट्रॉबेरी काडीवरून घसरतात, त्यावर काय?

---

कृष्णाकाठ

काडी टोपीच्या बाजूने, दोन-अडीच सेंटिमीटर, टोकापर्यंत नाही. आधी फळं बुडवून पूर्ण घट्ट होऊ द्या. मग काडीचं टोक वितळलेल्या चॉकलेटात बुडवून खुपसा. ते आत घट्ट झालं की बूच बसतं, घसरणंही थांबतं आणि काडीवरून रस ओघळणंही कमी होतं. तरी भोक ते भोकच, चार-पाच तासांचा माल समजा.

खाली फुलवाल्याचा हिरवा फोम नको. मगमध्ये कोबीचा गड्डा घट्ट बसवून वर फॉइल लावा. वजन असतं म्हणून मग कलंडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोबीची भाजी होते.

---

अर्धी_वाटी

आता मूळ प्रश्न. रात्री आठला ताट मांडायचं आहे, आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवल्या तर?

---

दालचिनी

आदल्या रात्री नको. 24 तास खाण्याजोग्या राहतात, पण देखण्या 8 ते 10 तासच. आठला हव्या असतील तर दुपारी एकला धुवा, तीनला बुडवा, चारला रेघा, पाचपर्यंत सगळं घट्ट.

त्यानंतर खोली 22-23 अंशांची असेल तर बाहेरच ठेवा, सैल झाकून. उकाडा असेल तर फ्रिज, पण डब्यात खाली टिशूची दुहेरी घडी, फळं एकमेकांना न टेकता, झाकण किंचित उघडं. घट्ट झाकण लावलं की फळाचीच वाफ आत अडकते.

दव पडतं ते बाहेर काढताना. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत गार चॉकलेटावर दोन मिनिटांत थेंब उभे राहतात, त्यात वरची साखर विरघळते, आणि सुकल्यावर पांढरट खरखरीत डाग उरतो. म्हणून काढताना झाकण पूर्ण लावा, डबा बाहेर 30-40 मिनिटं बंदच राहू द्या. दव डब्याच्या बाहेरच्या अंगाला धरेल. मग उघडा.

स्कूटरवरून न्यायच्या असतील तर थर्माकोलचा खोका, जेलपॅक टॉवेलात गुंडाळून, मध्ये पुठ्ठा. पोचल्यावर तीच शिस्त. समोरचा माणूस उत्सुकतेने लगेच झाकण उघडायला जाईल, त्याला अर्धा तास कसं थोपवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

---

चमचाभर

तो अर्धा तास गनाशच्या वाटीवर निघतो. वाटी फ्रिजबाहेरच ठेवा म्हणजे झालं.